गव्हाणीतलं बाळ आमचंच

माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याला मीच नेला. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि मिशनच्या शाळेत बालवर्गात शिकत होते. म्हणजे शिक्षणात त्याच्यापेक्षा फार पुढे होते असं काही नाही.

त्याचं नाव विजय. पण घरात त्याला विजय कुणी म्हणत नसे. तो 'बाळ'. बाळ उठला, बाळ निजला, बाळाला घ्या, बाळाला ठेवा. आमच्या घरात बाळ म्हटलं की जगात एकच माणूस. (हे जरा ध्यानात असू द्या. पुढे जे काही झालं ते या एका शब्दामुळं झालं. माझा त्यात दोष नाही, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. कुणी ऐकून घेत नाही, ती गोष्ट वेगळी!)

आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो. माझे वडील, दादा, कचेरीत कारकून होते. त्यांनी मला मिशनच्या शाळेत घातलं, त्याला कारण एकच : तिथं मुलांना मारत नसत. दादांची आत्या आमच्याकडंच असायची. काशीआत्या. तिला हा बेत मुळीच पसंत नव्हता.

"मारत न्हाईत?" आत्या म्हणाली. "मग शिकवत्यात कसं?"

"गाणी म्हणून शिकवतात, आत्या."

"गाणी? आणि खायला पाव देत्यात, ते का सांगत न्हाईस? एकदा का पोरीनं पाव खाल्ला, की झालंच मग! पोरगी आपली ऱ्हात न्हाई."

तरी दादांनी मला घातलंच. आणि मला ती शाळा इतकी आवडली की रविवारी सुट्टी असते म्हणून मी रडायची. बालवर्गाची लांबलचक कौलारू खोली, तीत बसायला रंगीत चटया. वाळूच्या ताटात बोटानं अक्षरं गिरवायची, लाकडी मणी ओवायचे, दुपारी ओळीनं आडवं होऊन झोपायचं. (मी सगळ्यांत हुशार झोपण्यात होते.) आमच्या बाई म्हणजे कृपाबाई. पांढरं स्वच्छ पातळ, हळू आवाज, आणि न रागावता नुसतं बघायची अशी काही तऱ्हा, की धटिंगण पोरंसुद्धा गप्प व्हायची. शाळेच्या मुख्य म्हणजे मिससाहेब. गोऱ्यापान, उंच. त्या मराठी शिकल्या होत्या ते जुन्या पोथीसारख्या पुस्तकांतून, त्यामुळं त्या बोलायच्याही तशाच. "हे बालिके, तुझे नाक वाहत आहे. ते पूस." पूस म्हटलं की आम्ही घाबरून सगळेच पुसायचो.

डिसेंबरात नाताळाचं नाटक बसवलं गेलं. गोठ्यात येशूचा जन्म, मेंढपाळ, देवदूत, तीन राजे, सगळं. मुलांना सगळ्यांनाच मेंढपाळ व्हायचं होतं, कारण मेंढपाळाला काठी मिळत होती. योसेफ व्हायला कुणी तयार होईना. शेवटी बाईंनी वर्गातल्या सगळ्यांत उंच माणसाला योसेफ केलं. तो माणूस म्हणजे मी. मला कापसाची दाढी मिळाली आणि एकच वाक्य : "मरिये, भिऊ नको. मी आहे." मरिया म्हणजे कुसुम. ती मुळात इतकी भित्री होती की माझं वाक्य मला नाटकाबाहेरही दिवसभर म्हणावं लागायचं.

आणि बाळ म्हणजे एक विलायती बाहुली. मिससाहेबांच्या कपाटातली. सोनेरी केस, निळे डोळे, आडवी केली की डोळे मिटायची! तिला बघूनच आम्ही गार झालो होतो. पण नाटकाच्या आदल्या दिवशी दोन मेंढपाळांनी एकाच वेळी भक्तिभावानं तिला ओढलं आणि तिचा उजवा हात एकाच्या हातात आला.

कृपाबाईंचा चेहरा पातळासारखा पांढरा झाला. मिससाहेब कुठं जवळपास नाहीत ना, हे त्यांनी आधी बघितलं.

"बाई," मी पुढे होऊन म्हटलं, "माझा बापूकाका सगळं दुरुस्त करतो."

खरं तर 'दुरुस्त करायला घेतो' असं म्हणायला हवं होतं. पण सहाव्या वर्षी व्याकरणाचा एवढा विचार कोण करतं?

बाईंनी बाहुली फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि खाली वाकून, अगदी डोळ्यांत बघून सांगितलं, "सुमन, नीट ऐक. उद्या दुपारी येताना बाळ आणायचं. हातपाय धड असलेलं. काही झालं तरी आणायचं. बाळ नसलं तर नाटकच होणार नाही. आणशील ना?"

"आणीन," मी म्हटलं. योसेफाचा शब्द!

बापूकाका म्हणजे दादांचा धाकटा भाऊ. तालमीत जायचा. शरीर कमावलेलं आणि हात कशालाही घालायची तयारी. त्यानं बाहुली उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "हात्तिच्या! आत नुसतं रबर हाय की!" आणि ते रबर कुठवर गेलंय हे बघायला त्यानं ओढलं. तालमीतला माणूस ओढतो तसं ओढलं. फट् असा आवाज झाला, आणि हात, पाय, मुंडकं सगळं वेगवेगळ्या दिशांना निघून गेलं. एक पाय चुलीपाशी सापडला.

मी भोकाड पसरलं. काका रात्री जेवायच्या आत सगळं जोडतो म्हणाला आणि खरोखर जोडलंही! लाख वितळवून, दोऱ्यानं करकचून.

"बघ सुमे! पयल्यापरीस मजबूत झालंय की न्हाई?"

"काका," मी हुंदके देत म्हटलं, "त्याचं तोंड पाठीकडं झालंय."

काकानं निरखून बघितलं. "व्हय की," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "पालथं निजव. कुणाला कळतंय?"

पण मला कळत होतं. हातसुद्धा डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं लागला होता. आणि बाईंनी काय सांगितलं होतं? हातपाय धड असलेलं बाळ! मी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करत राहिले. कुसुमनं नवं परकर-पोलकं शिवून घेतलं होतं. देवदूतांचे पंख तयार होते. बाळ नसलं तर नाटकच होणार नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. सगळ्यांचं नाटक माझ्यामुळं बुडणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाढी पिशवीत घालून निघाले आणि सहज पाळण्याकडं लक्ष गेलं. आत बाळ झोपला होता. आत्यानं मघाशीच त्याला तेल चोळून, न्हाऊ घालून, घुटी चाटवून निजवला होता. हात दोन, पाय दोन. तोंड पुढच्या बाजूला.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! बाईंनी बाहुली आण म्हणून सांगितलंच नव्हतं. बाळ आण म्हणूनच तर सांगितलं होतं!

आई न्हाणीघरात केस धूत होती. दादा कचेरीत. ते तिकडूनच परस्पर नाटकाला यायचे होते. आत्या पाळण्याची दोरी हातात धरून भिंतीला टेकून पेंगत होती. मी बाळाला कुंचीसकट उचललं. तो जरासा कुरकुरला आणि माझ्या खांद्यावर मान टाकून पुन्हा झोपला. आता पाळणा रिकामा झाला. आणि रिकामा पाळणा हलवायचा नसतो, बाळाला वाईट असतं, हे आत्यानंच मला शिकवलं होतं. म्हणून मी बाळाच्या काळजीपोटी, हे लक्षात घ्या, केवळ काळजीपोटी, बाहुली पाळण्यात ठेवली आणि वर दुपटं घातलं.

आत्यानं डोळे न उघडता विचारलं, "कोण गं?"

"मी सुमी. शाळंला चालले."

"जा. पाव खाऊ नको." आणि ती पुन्हा पाळणा हलवायला लागली.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षांची पोर तान्हं मूल घेऊन रस्त्यानं चालली, कुणी अडवलं कसं नाही? अहो, त्या काळी प्रत्येक पोराच्या कडेवर दुसरं पोर असायचंच! कोपऱ्यावर अण्णांचं किराणा दुकान होतं. अण्णा जैन, फार शांत माणूस. त्यांनी तेवढं विचारलं.

"काय सुमन, भावाला घिऊन कुठं?"

"शाळंत."

"शाळंत? आत्तापासनं?"

"व्हय. बाईंनी बोलावलंय त्याला."

"बरं हाय की," अण्णा म्हणाले आणि गूळ जोखायला लागले.

शाळेत पोचले तर तिथं प्रलय चालला होता. एका देवदूताचा पंख मोडला होता, दोन मेंढपाळांची काठ्यांनी जुंपली होती आणि कुसुम उगीचच रडत होती. कृपाबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मान न वळवताच विचारलं, "सुमन, बाळ आणलंस?"

"आणलं."

"हातपाय?"

"धड हायत, बाई."

"देवाची कृपा! गव्हाणीत निजव आणि झाकून ठेव. कुणाला हात लावू देऊ नकोस."

मी बाळाला गव्हाणीतल्या मऊ गवतावर निजवलं, वरून बाईंची शाल घातली आणि दाढी लावून राखण करत उभी राहिले. एवढा आज्ञाधारक योसेफ त्या शाळेनं कधी पाहिला नसेल!

इकडं घरी काय झालं ते मी पाहिलं नाही. पण पुढं ते मला इतक्या जणांनी आणि इतक्या वेळा ऐकवलं, की आता पाहिल्यासारखंच वाटतं.

आई ओले केस पंचात गुंडाळून बाळाला पाजायला आली. आत्या झोके देत अंगाई म्हणत होती.

"आज लई गुणी झोपलाय गं," आत्या म्हणाली. "हूं न्हाई की चूं न्हाई."

आईनं दुपटं बाजूला केलं. पाठ वर, पोट खाली, आणि पाठीच्या वर सरळ आढ्याकडं बघणारं तोंड! एक डोळा मिटलेला, एक निळा डोळा उघडा!

आईची किंकाळी म्हणे पार गल्लीच्या टोकाला ऐकू गेली. आत्याला लांबचं दिसत नसे, जवळचंही दिसत नसे, आणि चष्मा ती फक्त देवळात जाताना लावायची. तिनं पाळण्यात हात घातला. "अगं आई गं! पोरगं गार पडलं! लाकूड झालं गं!" मग कुणीतरी चष्मा दिला. तिनं बघितलं आणि मटकन खालीच बसली.

"केस पिवळं झाल्यात! डोळं निळं! अगं, आपल्या बाळाचा सायेब केला गं त्यांनी!"

बापूकाका धावत आला. त्यानं बाहुली ओळखली आणि क्षणभर त्याचा चेहरा अभिमानानं फुलला. "अरे, हे तर मी जोडलेलं! बघा, एवढा येळ हलवलं तरी निखळलं न्हाई!"

"बाळ कुठाय?" आई ओरडली.

मग मात्र काकाच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांचंच पळालं. माणसं कॉटखाली बघायला लागली, धान्याच्या कणगीत बघायला लागली. काका परसातल्या आडावर जाऊन आत वाकला, आणि ते बघून आई उंबऱ्यातच बसली. हे सांगताना काकाचा आवाज म्हातारपणीही बदलायचा. बाकीची सगळी गोष्ट तो हसत सांगे, तेवढी जागा सोडून.

गल्ली गोळा झाली. तालमीतले पैलवान अर्ध्या जोर-बैठकांवरून उठून मातीच्या अंगानं आले. त्या गर्दीत अण्णाही दुकान टाकून आले आणि शांतपणे म्हणाले, "कशाला शोधताय? बाळाला शाळंत घातलंय न्हवं?"

"कुणी?"

"सुमन घिऊन गेली की. बाईंनी बोलावलंय म्हणाली."

पहिला शब्द फुटला तो आत्याला.

"घातलं! चार म्हैन्याचं पोर शाळंत घातलं! अरे, त्याला दात न्हाईत, त्यो पाव खाणार कसा?"

आणि मग ती वरात निघाली. पुढं ओल्या केसांची आई, मागं बाहुलीची तंगडी धरून बापूकाका, त्याच्या मागं मातीनं माखलेले पैलवान, शेवटी चष्मा लावलेली आत्या, आणि वाटेत 'काय झालं पावणं?' असं विचारत सामील होणारे लोक.

इकडं पडदा उघडला होता. (पडदा म्हणजे दोन चादरी.) हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत दादा, कचेरीचा कोट घालून, काळी टोपी नीट बसवून. मिससाहेब एका बाजूला उभं राहून वाचत होत्या, "आणि पाहा, ते बालक बाळंत्यांनी गुंडाळलेले व गव्हाणीत निजवलेले असे होते."

कुसुमनं शाल बाजूला केली. रोज बघितलेली सोनेरी केसांची बाहुली जाऊन तिथं काळ्या जावळाचं, गालाला तीट लावलेलं काहीतरी होतं. तिचे डोळे विस्फारले.

"मरिये, भिऊ नको. मी आहे," मी म्हटलं. अगदी वेळेवर!

दादा शेजारच्या गृहस्थाकडं वळून म्हणाले, "काय हुबेहूब केलीय हो बाहुली! अगदी आमच्या बाळासारखी दिसते."

तिसरा राजा धुपाटणं घेऊन आला. त्यात खराखुरा ऊद होता. त्यानं वाकून नमस्कार केला, भक्कन धूर गव्हाणीत गेला आणि आतून आवाज आला, "आक् छी!"

मिससाहेब थांबल्या. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि कृपाबाईंच्या तोंडातून ती पडलीच.

"चावीची असंल," मागून कुणी म्हणालं.

"विलायती माल हाय. काय बी करत्यात ते!"

मग गवतातून एक गुबगुबीत पाय वर आला. पायात काळा दोरा. आणि पाठोपाठ असा टाहो फुटला, की एक देवदूत बाकावरून खाली पडला!

"आवाजसुद्धा तसाच!" दादा भारावून म्हणाले. मग एकदम गप्प झाले. मग टोपी काढली. मग उभे राहिले.

कुसुमनं घाबरून बाळाला मांडीवर घेतलं आणि पुढच्याच क्षणी नाटकात नसलेलं वाक्य सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई! देवानं माझा नवा परकर भिजवला!"

मी बाळाला तिच्याकडून घेतला. त्यानं रडता रडता माझी दाढी धरली आणि ओढून काढली. मिससाहेब जवळ आल्या. "हे योसेफा," त्या म्हणाल्या, "हे बालक कोणाचे आहे?"

"आमचं," मी म्हटलं. "बाईंनी आणायला सांगितलं होतं."

कृपाबाई बघतच राहिल्या. "मी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि गव्हाणीच्या कडेवर बसल्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आई कुणाकडं न बघता, कुणाला न जुमानता सरळ स्टेजवर आली. तिनं बाळाला माझ्याकडून घेतलं, छातीशी धरलं, आणि तिथंच गवतावर बसून राहिली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. ती रडत नव्हती, रागावत नव्हती, नुसती थरथरत होती. तेव्हा कुठं मला पहिल्यांदा वाटलं, की आपलं काहीतरी चुकलंय. मग मीही तिच्या पदराला धरून रडायला लागले. मेंढपाळही रडायला लागले, सोबत म्हणून.

"पडदा ओढा," मिससाहेब म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा इतकं साधं मराठी बोलल्या असतील!

पडद्याआड आईनं बाळाला पाजलं. पडद्यापुढं बापूकाका बाहुली उंच धरून विचारत होता, "ही कुणाची? आमी दुरुस्त केलीया!" मिससाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. (बाहुलीचाच डोळा मिटेना, म्हणून त्यांनी मिटले असावेत.) दादा खाली मान घालून, दिसेल त्याला "मी चष्मा घरी विसरलो होतो" असं सांगत होते. त्यांना चष्माच नव्हता.

जरा वेळानं कृपाबाई आईजवळ येऊन बसल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. मी नीट सांगायला हवं होतं." आईनं हात सोडवून घेतला नाही.

"मग आता नाटक?" मी हळूच विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दाढीचा कापूस तोंडावर घेतला. पण उत्तर आलं ते आत्याकडून. ती पहिल्या रांगेत दादांच्या खुर्चीवर जाऊन बसली होती आणि चष्म्यातून इकडंतिकडं बघत होती.

"पुरं करा की मग!" ती म्हणाली. "एवढी माणसं बसल्यात. पोरगं पोटभर प्यालंय, आता झोपंल. आणि ह्या खेपंला त्यो धूर लांब धरा!"

नाटक पुरं झालं. आई मरियेच्या मागं बाळाच्या अंगावर हात ठेवून बसली होती. बाळ हसला, राजांची दागिन्यांची पेटी चाखून बघितली, आणि शेवटच्या गाण्यात झोपला. लोक त्या नाटकाची वर्षानुवर्षं आठवण काढत. पैलवानांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

घरी मात्र माझी पंचाईत होती. रात्रीच्या जेवणाला दादा म्हणाले, "उद्यापासून हिची शाळा बंद." आता आत्या हो म्हणणार आणि सगळं संपणार!

पण आत्या म्हणाली, "का म्हणून? घरात मी दिसभर वरडते, ही एक ऐकत न्हाई. तिथं बाईनी एकदा हळू सांगितलं तर पोरगं उचलून नेलं! असं वळण लावणारी शाळा परत कुठं गावणार? जाऊ दे तिला."

मी गेले. नुसती गेलेच नाही, तर पुढं स्वतःच बालवर्गाची बाई झाले. मुलांना काही आणायला सांगताना शब्द कसा तोलूनमापून वापरावा, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नव्या शिक्षिकांना मी त्यावर व्याख्यानं द्यायची! आणि एकदा झाडांचा पाठ घेताना मीच मुलांना सांगितलं, "उद्या घरून प्रत्येकानं एकेक पान आणायचं."

दुसऱ्या दिवशी कुणी आंब्याचं आणलं, कुणी पेरूचं. एका मुलाच्या हातात मात्र काहीच नव्हतं. त्याच्या मागं त्याची आजी उभी होती, गाल फुगलेला, ओठ लाल.

"बाई," तो म्हणाला, "घरात एकच पान होतं. ते आज्जीच्या तोंडात होतं. म्हणून आज्जीलाच घेऊन आलो."

मी काही बोलायच्या आत आजी खिडकीतून पचकन थुंकल्या, चटईवर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "बसले बघा. आता काय ते शिकवा. आणि जरा नीट शिकवा हं बाई, तुमचं बोलणं पोरांना कळत न्हाई म्हणत्यात!"